अळणी पेज

तळेकर सिस्टरांनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला, कानातली नळी गळ्यात अडकवली आणि मला काही न विचारता थेट सासूकडे वळल्या.

"घरात मीठ किती खाता हो?"

"मीठ?" सासू पदर सावरून हसली. "आमच्या घरात मीठ लागतच नाय, सिस्टर. माझ्या हाताला चव हाय. गावात कुणालाही विचारा."

"गावाचं प्रेशर नाही वाढलेलं. हिचं वाढलंय. एकशेचाळीस-नव्वद. सातवा महिना, पहिलटकरीण, आणि पाय बघा. चपला कुणाच्या घातल्यात गं?"

"ह्यांच्या," मी म्हटलं. माझ्या चपला आठ दिवसांपासून पायात शिरत नव्हत्या.

"मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी तर बघायचीसुद्धा नाही. पुढच्या बुधवारी परत ये. उतरलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. हे वाढत गेलं ना, तर आई आणि मूल दोघांनाही सोडत नाही. घाबरवत नाही, सांगतेय."

अंगणवाडीच्या पायऱ्या उतरून सासू पुढे चालू लागली. खाडीकडून वारा येत होता, वैशाख सुरू झाला होता आणि माझ्या पायातल्या नवऱ्याच्या चपला फटक-फटक वाजत होत्या. चिंचेखाली आल्यावर ती थांबली.

"वनिता, खरं सांग. चोरून काय खातेस?"

"काही नाही हो, आये."

"देवीची शपथ?"

"देवीची."

तिने माझ्याकडे बघून घेतलं. विश्वास बसला नाही हे तिच्या मानेवरून कळत होतं.

तिचा तरी काय दोष म्हणा. मी डोंगराकडची. आमच्याकडे झऱ्याचं पाणी, नाचणीची भाकरी आणि आमटीत मूठभर मीठ. लग्नानंतर पहिल्यांदा इथे डाळ केली तेव्हा माझ्या मापाने मीठ घातलं, आणि पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. "दर्या ओतलास काय गो डाळीत?" सासू म्हणाली. त्या दिवसापासून मिठाच्या बरणीला हात लावायची मला बंदी होती. ती बरणी म्हणजे काचेची एवढीशी बाटली. ती सहा महिने पुरायची. सासू चिमटीत चार कण धरायची, पातेल्यावर हात फिरवायची आणि कालवणाला अशी चव यायची की शेजारचे वाटी घेऊन यायचे. गावातल्या लग्नात रस्सा उतरवायच्या आधी तिला बोलावणं यायचं. ती पळीभर चाखून मान हलवायची, मगच पंगत बसायची. मी मनात म्हणायचे, असतो एकेकीचा हात. आपल्याला नाही, त्याला काय करणार.

त्या दुपारी तिने माझी पेटी उघडली. साड्यांच्या खाली माहेरच्या लोणच्याची बरणी सापडली.

"हे काय हाय?"

"लग्नातलं आहे, आये. महिनाभर शिवले नाही त्याला."

"महिनाभर. म्हणजे त्याच्या आधी शिवत होतीस." बरणी गेली शेजारी. मी भिंतीकडे तोंड करून रडले. सातव्या महिन्यातल्या बाईला लोणच्यावरून रडायची लाज वाटत नाही.

थोड्या वेळाने ती येऊन माझ्या पायाशी बसली. माझा पाय मांडीवर घेतला. तिचा अंगठा माझ्या घोट्यावर दाबला गेला, आणि उचलला तरी तिथे खळगा तसाच राहिला. ती त्या खळग्याकडे बघत राहिली, भरायची वाट बघत. तो भरला नाही.

"चिखलात पाय रुतावा तसा झालाय," ती हळूच म्हणाली. मग उठून विहिरीवर गेली आणि तांब्याभर ताजं पाणी काढून आणलं. "घे. सगळा पी. पाण्याने मीठ धुऊन जातं. आजपासून माझ्यासमोर रोज दोन तांबे जास्त प्यायचे."

मी प्याले. रोज प्याले. ती समोर उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत बघायची.

विहीर मागीलदारी, नारळाच्या दोन झाडांमध्ये होती. माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने खणलेली. सासू नवी नवरी होती तेव्हा गावातल्या बायका पाण्याला अर्धा कोस जायच्या, आणि हिला डोक्यावर हंडा घेता यायचा नाही, रस्ताभर सांडायची. म्हणून त्यांनी पावसाळ्याआधी सव्वा महिना खणली. "पाणी लागलं तेव्हा वरती माझ्याकडे ओंजळ धरली," ती सांगायची. "बोलले, बघ गोड हाय का." हे सांगताना ती दर वेळी ओंजळ करून दाखवायची.

सासऱ्यांना मी पाहिलं नाही. ते गावाच्या बांधावरच्या उघाडीचे राखणदार होते. आमची भातशेती खाडीच्या काठाला. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आज्या-पणज्यांनी मातीचा लांबच लांब बांध घातलेला, आणि त्या बांधात एक लाकडी दार, तीच उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरती चढायच्या आत दार लागलंय की नाही ते बघायचं. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते गेल्यावर कोणी केलं नाही. दार कुजलं. खेकड्यांनी बांध पोखरला. बांधापुढचं कांदळ, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, लोकांनी चुलीसाठी तोडून आणलं होतं, त्यामुळे लाटा थेट मातीवर येऊ लागल्या. आणि दर्याही पूर्वीचा राहिला नव्हता. ज्या दगडावर उधाणाचं पाणी टेकायचं तो दगड आता साध्या भरतीला बुडायचा. खालची चार शेतं लोकांनी सोडून दिली, मग आणखी दोन.

माझा नवरा हसुराम कंपनीत कामाला होता. एकदा मी त्याला म्हटलं, "दार नवं करा ना, तुम्हाला सुतारकाम येतं."

"एका दाराने काय होतंय?" तो म्हणाला. "टीव्हीवर सांगत होते, सगळ्या जगाचं बर्फ वितळतंय. तिथे आमची उघाडी काय करणार?"

सगळ्या जगाचं बर्फ आणि आमचं पाच फुटी दार, ह्यांचा हिशेब माझ्या डोक्यात बसेना.

बुधवारी प्रेशर एकशेपन्नास-शंभर झालं होतं.

"खोटं बोलतेस माझ्याशी," तळेकर सिस्टर म्हणाल्या. त्या चिडल्या की त्यांचा आवाज उलट खाली जायचा. "मूल पण वाढलेलं नाही. महिन्याभरात काहीच नाही. ह्या वर्षी ह्या गावात तू तिसरी. तिघींचे पाय असेच. काय खाता काय तुम्ही?"

सासूचा चेहरा उतरला. "सिस्टर, मी शपथेवर सांगते. आता तर मी चिमूटभर पण घालत नाय. बाटली फडताळात वर ठेवलीय. कागद पण काढला नाय नव्या पुडीचा."

"मग हवेतून येतं का मीठ?"

सोमवारपर्यंत उतरलं नाही तर तालुक्याच्या दवाखान्यात भरती, असं सांगून त्यांनी पुढचीला हाक मारली.

गुरुवारी माझी आई आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला न्यायला. डोंगरातून दोन एसट्या बदलून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. परक्या गावचं पाणी बाधतं ह्यावर तिचा गाढ विश्वास. ती लग्नाला आली होती तेव्हाही असाच कॅन आणला होता आणि वऱ्हाडात सगळे हसले होते. या वेळी वाटेत ऊन लागून तिचा चेहरा लालबुंद झाला होता. सासूने धावत जाऊन विहिरीचं पाणी काढलं, गुळाचा खडा दिला.

"आधी पाणी घ्या, इहीणबाई."

माणसाने दिलेलं पाणी नाकारू नये म्हणून आईने तांब्या वर धरून एक मोठा घोट घेतला. तोंडात तसाच धरला. मग गिळला आणि कौतुकाने म्हणाली, "किती काळजी हो तुमची! ऊन लागलंय बघून सरबत केलंत. फक्त साखर घालायची विसरलात बघा."

मी डोळे मिटून घेतले.

"सरबत?" सासू म्हणाली.

"मीठ घातलंय ना ह्यात?"

"विहिरीचं पाणी हाय ते."

"असं?" आईने तांब्याकडे बघितलं. "मचूळ आहे हो."

"मचूळ!" सासूने तांब्या तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. "माझ्या नवऱ्याने खणलेली विहीर हाय ती. अख्ख्या गावाने प्यायलंय पाणी तिचं. तुमच्या डोंगरात काय मधाचे झरे हायत काय?"

"मधाचे नाहीत. पाण्याचे आहेत."

दोन विहिणींचं भांडण मी कधी जवळून बघितलं नव्हतं. दोघीही आवाज चढवत नव्हत्या, एकमेकींना अहो-जाहो करत होत्या, आणि मध्ये गुळाचा खडा तसाच पडून होता. शेवटी आई उठली. कॅनचं झाकण फिरवून तिने फुलपात्रात पाणी ओतलं आणि सासूपुढे धरलं.

"रागावू नका. फक्त चाखून बघा. मग म्हणा मला काय म्हणायचं ते."

सासूने एक घोट घेतला. कपाळाला आठी पडली. दुसरा घेतला.

"फुळकवणी हाय," ती म्हणाली. "ह्याला काय चवच नाय."

"पाण्याला कुठे चव असते, इहीणबाई?" आई इतक्या हळू म्हणाली की मला ते भांडणातलं वाक्य वाटलंच नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते पाणी वेगळं लागलं होतं, मग जिभेला सवय झाली आणि मी विसरले.

सासू फुलपात्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ काही वाजलं नाही. मी उठून दारात गेले तर चुलीवर आणि वैलावर अशी दोन पातेली चढवलेली. दोन्हीत रात्याचा लाल तांदूळ, मूठ-मूठ. एकात विहिरीचं पाणी, एकात आईच्या कॅनमधलं. ती पाटावर बसून आळीपाळीने ढवळत होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी, अगदी मन लावून. पेज शिजली. आटली. तिने दोन वाट्या भरल्या, फुंकर घातली. आधी कॅनच्या पाण्याची चाखली. अळणी, फिकी. मग विहिरीच्या पाण्याची.

तिने वाटी खाली ठेवली.

फडताळातली मिठाची बाटली काढून मांडीवर घेतली आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिली. मी जवळ जाऊन बसले. बसायलाही मला आता जमिनीला हात टेकावा लागत होता.

"लग्न होऊन आले तेव्हा मूठ लागायची गो," ती म्हणाली. "पाच माणसांच्या कालवणाला अर्धी मूठ. मग चिमूट लागायला लागली. मग अर्धी चिमूट. लोक बोलायला लागले, काय हात हाय. मला पण वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, माझा हात सुधारला."

बाहेर आई अंगणात हसुरामशी काहीतरी बोलत होती. सासूने माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मिठाची बाटली घरंगळून बाजूला गेली.

"दोन तांबे," ती म्हणाली. "रोज दोन तांबे जास्त. समोर उभी राहून पाजले मी तुला."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. तुमची काय चूक, असं काहीतरी. पण तिचा अंगठा परत माझ्या घोट्यावर होता, आणि ती त्या खळग्याकडे बघत रडत होती. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. सासूच्या डोक्यावर हात ठेवायची रीत नाही आमच्यात. पण ठेवला.

आईचा कॅन तिने नेऊन देवघरात ठेवला. त्यातलं पाणी फक्त मला. घरात बाकी कोणी त्याला शिवायचं नाही, हे आईलासुद्धा तिने बजावलं. आईने मान्य केलं आणि ती पुढचे दोन दिवस विहिरीचं पाणी, तोंड वाकडं न करता, प्याली. ते कर्म माझ्या आईने केलेल्या सगळ्या पुण्यकर्मांत वरचं आहे.

आई मला दुसऱ्याच दिवशी नेणार होती. सासू म्हणाली, "शनिवार होऊ द्या. शनिवारी बांधपेज हाय. ह्या वर्षी आमच्या घराची पाळी."

बांधपेज ही आमच्या गावाची रीत. वैशाखातल्या वद्य अष्टमीला भरती नरम असते, तेव्हा पावसाआधी घरटी एकाने टोपली घेऊन बांधावर जायचं आणि बांधाला माती घालायची. ज्या घराची पाळी त्या घराने सगळ्यांना पेज घालायची. सासऱ्यांच्या वेळी तीन-तीन दिवस काम चालायचं. पण हळूहळू पेज राहिली आणि माती गेली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी बघितलं, लोक मातीचं एकेक ढेकूळ आणत, त्याला हळद-कुंकू वाहत, बांधावर ठेवत आणि पेज पिऊन घरी जात. चांगूकाका, म्हणजे गावातले एक वडीलधारे, ते तर ढेकूळ स्टीलच्या वाटीत घेऊन आले होते, हात मळू नये म्हणून.

शनिवारी सकाळी सासूने मोठा टोप चढवला. मी काकडी चिरायला बसले होते. पाणी ओतताना बघितलं, विहिरीचंच होतं.

"आये, हे पाणी?"

"गप बस," ती म्हणाली.

बांधाजवळच्या देवळासमोर साठ-सत्तर माणसं बसली होती. तळेकर सिस्टरही होत्या, त्यांना सासूने स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. ढेकळं ठेवून झाली. द्रोण वाटले. आईने वाढायला हात लावला. सासू मात्र टोपाशेजारी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"काय चांगूभावजी, मीठ बरोबर हाय ना?"

"एकदम बेताचं," चांगूकाका म्हणाले आणि मिशी पुसली. "तुझ्या हाताला तोड नाय, वयनी."

"तुला गं, सगुणा?" तिने शेजारणीला विचारलं.

"मस्त झालीय, काकू."

"कुणाला वरून पाहिजे काय मीठ? लाजू नका."

कोणालाच नको होतं. काही जणांनी दुसऱ्यांदा द्रोण पुढे केला. मग सासूने पदराखालून मिठाची पुडी काढली. नवी, चिकटपट्टीसुद्धा न फोडलेली. ती तिने देवळाच्या पायरीवर ठेवली.

"ही पुडी मी महिन्यापूर्वी आणली," ती म्हणाली. "ह्या पेजेत एक कण मीठ घातलं नाय. तांदूळ आणि विहिरीचं पाणी. बस."

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. कोणीतरी हसलंसुद्धा. मग सगुणाने द्रोण परत तोंडाला लावला आणि मध्येच थांबली.

"तुमच्या विहिरीला काय झालंय वाटतं," चांगूकाका म्हणाले.

"माझ्या? तुम्ही घरी जावा आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात भात शिजवा, बिनमिठाचा. आणि बोला मला चव कशी लागते. तुमच्या पण बायकोची बरणी सहा महिने पुरते, भावजी. मला ठाऊक हाय, तीच मला सांगते, मी पण आता हात राखून घालते."

चांगूकाकांची बायको पदर तोंडाला लावून खाली बघू लागली.

तळेकर सिस्टर उठून उभ्या राहिल्या. हातात द्रोण तसाच. "तिघी," त्या म्हणाल्या. एवढंच. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, आणि आवाज खाली गेला. "मी हिला खोटारडी म्हटलं."

"दर्या आपल्या घरात आला," सासू म्हणाली. "दार वाजवून नाय आला. रोज एक चिमूट आला. आपल्या जिभेला कळलं नाय, आणि आपण बोललो, काय चव हाय."

खाडीवर टिटवी ओरडत होती.

"मग करायचं काय, वयनी?" चांगूकाकांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "दर्या वाढतोय. सगळीकडे वाढतोय. आपल्या टोपलीभर मातीने तो काय उतरणार हाय?"

"नाय उतरणार."

"मग?"

"तुम्ही पण म्हातारे होणार होतात, ठाऊक होतं ना? म्हणून जेवायचं सोडलंत काय?" सासू वाकली, टोपलं उचललं. "मला दर्या उतरवायचा नाय. मला ह्या पोरीचे पाय उतरवायचे हायत."

आणि ती बांधाकडे चालू लागली. साठीला टेकलेली बाई, नऊवारी खोचलेली, एकटी. मला आधी वाटलं, आता कोणी येणार नाही आणि हिचा फजितवाडा होणार. मी उठायला लागले, तर आईने खांदा दाबला. "तू बस." आणि माझी आई, जिला ते गाव, तो बांध, त्या खाडीशी काही देणंघेणं नव्हतं, जी दोन दिवस घोटाघोटाला सोसत होती, तिने पेजेचा रिकामा टोप उचलला आणि मातीसाठी विहिणीच्या मागे गेली. मग हसुराम गेला. मग सगुणा. चांगूकाका स्टीलची वाटी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती पायरीवर, मिठाच्या पुडीशेजारी ठेवली आणि बाह्या सारल्या.

खोटं कशाला सांगू, सगळे नाही गेले. निम्मे घरी गेले. पण संध्याकाळी त्यांच्यातले काही परत आले. त्यांनी घरी भात शिजवून बघितला होता.

मी रविवारी माहेरी गेले. झऱ्याचं पाणी आणि गावच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, तसे पाय उतरले. मुलगी तीन आठवडे आधी झाली, दोन किलोची, हाताच्या तळव्यात मावेल अशी. सासू तिला बघायला आली ती नखांत माती घेऊनच. येताना हसुरामने केलेल्या नव्या दाराचा फोटो आणला होता. पोरीचा फोटो काढायला कॅमेरा आणला नाही, आणि दाराचा मात्र काढून आणला, म्हणून माझी आई तिला चिडवत होती. दोघी शेजारी बसून हसत होत्या.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

दर्या थांबला, असं मी म्हणणार नाही. दर वर्षी तो थोडा वर येतो आणि दर वर्षी आम्ही बांध थोडा वर नेतो. एका वादळात अर्धा बांध वाहून गेला, तेव्हा मीसुद्धा म्हटलं, पुरे आता. बांधापुढे आम्ही कांदळाच्या शेंगा खोचल्या, पहिल्या वर्षी पोरांनी आणि म्हशींनी तुडवल्या, दुसऱ्या वर्षी जगल्या. आता तिथे असं रान झालंय की लाट आत शिरताना दमते. माझी मुलगी उघाडीच्या खांबावर भरतीच्या खुणा करते आणि वहीत मांडते. ती म्हणते, आई, आपण बांध बांधून पुरणार नाही, जगाने धूर कमी करायला हवा. मी म्हणते, तू जगाला सांग, तोवर मी टोपली भरते. ती खरंच सांगत असते, फोनवर, कुणाकुणाला. सांगू दे.

बांधपेज अजून होते. फक्त त्यात एक गोष्ट वाढली. ज्या घराची पाळी, त्या घराने आधी विहिरीच्या पाण्यात एक लहान पातेलं बिनमिठाचं शिजवायचं आणि सगळ्यांत आधी माझ्या सासूला चाखायला द्यायचं. ती वाटी तोंडाला लावते आणि गाव तिच्या तोंडाकडे बघतं. सुरुवातीची वर्षं ती नुसती मान हलवायची आणि टोपली उचलायची. मग कधी म्हणायची, "पूर्वीपेक्षा बरी." वादळाच्या वर्षी तिने पहिलाच घोट थुंकला.

यंदा परत आमच्या घराची पाळी होती. सासू आता ऐंशीला टेकलेली, बांधावर तिला खुर्ची लागते. माझ्या मुलीने वाटी तिच्या हातात दिली. तिने घोट घेतला. कपाळाला आठी पडली. दुसरा घेतला, जिभेवर घोळवला, आणि असं काही तोंड वाकडं करून बसली की चांगूकाका घाबरून म्हणाले, "काय झालं, वयनी?"

"शी," ती म्हणाली. "एकदम अळणी हाय."

मग सगुणा फुसकन हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

सासूने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे हात पसरला, तोच हात, ज्याची गावभर कीर्ती होती.

"वनिता, मीठ दे गो जरा."

मी बाटली तिच्यापुढे धरली. तिने झाकण काढलं आणि किती घ्यावं ते न कळून, बाटलीत बोटं घालून, तशीच माझ्याकडे बघत राहिली.